रसेल विल्सन मुळातच ओव्हररेटेड होता, की डेन्व्हरला गेल्यावर बिघडला?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या रसेल विल्सन या क्वार्टरबॅकवरून (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो, विल्सन पहिल्यापासून फुगवलेला, डेन्व्हरमधलं २०२२ बघा. दुसरा म्हणतो, कोच नॅथॅनियल हॅकेटने त्याची वाट लावली. २०२३ मध्ये शॉन पेटन कोच म्हणून आल्यावर २६ टचडाउन (चेंडू गोललाइनपार पोचवणं) आणि फक्त ८ इंटरसेप्शन (पास समोरच्या संघाने झेलणं), मग तो संपला कसा?

माझं मत पहिल्या तटाच्या जवळचं आहे, पण त्यांनी पुराव्याला धरलेलं वर्ष चुकीचं आहे. २०२२ मध्ये तो आकड्यांत दिसतो तितका वाईट खेळला नाही आणि २०२३ मध्ये दिसतो तितका चांगलाही खेळला नाही. दोन्ही वर्षं तो साधारण एकच क्वार्टरबॅक होता. सिअ‍ॅटलमधलं (सीहॉक्स या आधीच्या संघातलं) नाव त्याने खरोखर कमावलेलं होतं. पण मार्च २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसने जी किंमत मोजली ती त्याच्या जुन्या खेळाची होती, आणि जुना खेळ उतरणीला लागल्याच्या खुणा ट्रेडच्या (संघांमधल्या अदलाबदलीच्या) आधीच्या दोन सीझनमध्ये दिसत होत्या.

आधी सौदा नेमका काय होता ते बघा, कारण वाद घालणारे बहुतेक जण अर्धाच सांगतात. डेन्व्हरने २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे हक्क), त्याच दोन वर्षांचे दुसऱ्या फेरीचे पिक, २०२२ चा पाचव्या फेरीचा पिक आणि वर ड्रू लॉक, नोआ फँट, शेल्बी हॅरिस हे तीन खेळाडू दिले. बदल्यात विल्सन आणि चौथ्या फेरीचा एक पिक मिळाला. सिअ‍ॅटलने त्यातून २०२२ मध्ये चार्ल्स क्रॉस (९ वा) आणि बॉये माफे (४० वा), २०२३ मध्ये डेव्हन विदरस्पून (५ वा) आणि डेरिक हॉल (३७ वा) घेतले. पुढच्या वर्षीचा पिक देताना तो कितवा असेल हे कोणालाच ठाऊक नसतं. डेन्व्हर ५-१२ (५ विजय, १२ पराभव) असं आपटलं म्हणून तो पाचवा ठरला. म्हणजे विल्सन जितका वाईट खेळला, तितका सिअ‍ॅटलचा फायदा वाढत गेला.

आता २०२२ आणि २०२३. २०२२ मध्ये १५ सामन्यांत ४८३ पास, त्यातले २९२ पूर्ण, ३५२४ यार्ड, १६ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, पासर रेटिंग ८४.४. २०२३ मध्येही १५ सामने, ४४७ पैकी २९७ पास पूर्ण, ३०७० यार्ड, २६ टचडाउन, ८ इंटरसेप्शन, रेटिंग ९८.०. रेटिंग बघितलं तर मोठी सुधारणा वाटते. पण दर पासमागे यार्ड काढा: २०२२ मध्ये ७.३ आणि २०२३ मध्ये ६.९. सुधारलेल्या वर्षात तो दर पासला कमी अंतर काढत होता! सिअ‍ॅटलच्या दहा वर्षांचा त्याचा हिशेब ४७३५ पासमध्ये ३७,०५९ यार्ड, म्हणजे ७.८ असा आहे.

मग रेटिंग चढलं कशाने? पासर रेटिंग चार गोष्टींचं बनतं: पूर्ण झालेल्या पासची टक्केवारी, दर पासमागे यार्ड, टचडाउनचं प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येकाला २.३७५ ची मर्यादा, मग बेरजेला सहाने भागून शंभरने गुणायचं. म्हणून कमाल रेटिंग १५८.३ येतं. टचडाउनच्या प्रमाणाला यात २० ने गुणतात. विल्सनचं ते प्रमाण एका वर्षात ३.३ टक्क्यांवरून ५.८ वर गेलं. त्यामुळे एकट्या टचडाउनने रेटिंग सुमारे ८ अंकांनी वर ढकललं. उरलेली वाढ कमी इंटरसेप्शन आणि जास्त पूर्ण पास यांची, आणि हे जास्तीचे पूर्ण पास मुख्यतः आखूड होते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २९ ऑक्टोबर २०२३ चा कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धचा सामना. डेन्व्हर २४-९ जिंकलं. विल्सनचे १९ पैकी १२ पास पूर्ण, ३ टचडाउन, यार्ड फक्त ११४. रेटिंग मात्र ११९.३. चीफ्सने त्या दिवशी पाच वेळा चेंडू गमावला. डेन्व्हरच्या डिफेन्सने चेंडू हिसकावून मोक्याच्या जागी आणून ठेवायचा, मग ऑफेन्सने तिथून जेमतेम अंतर कापून टचडाउन करायचा, असा तो सिलसिला होता. बफेलो बिल्सविरुद्ध २४-२२ जिंकले तेव्हाही बिल्सने चार वेळा चेंडू दिला होता. १-५ वरून ६-५ वर आलेली ती गाजलेली पाच विजयांची रांग अशीच उभी राहिली. विल्सनने त्यात चुका केल्या नाहीत, याचं श्रेय त्याला आहेच. पण वर्षाला ४-५ कोटी डॉलरच्या क्वार्टरबॅककडून ‘चुका केल्या नाहीत’ याच्यापेक्षा जास्त अपेक्षा असते.

पासर रेटिंगमध्ये सॅक मोजतच नाहीत, आणि विल्सनच्या बाबतीत नेमकी तिथेच गोम आहे. चेंडू हातात असताना क्वार्टरबॅकला पाडलं (हाच सॅक) तर सहा-सात यार्ड मागे जावं लागतं आणि एक डाऊनही (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) वाया जातो. सॅकचं प्रमाण काढणं सोपं आहे: सॅक भागिले (पास अधिक सॅक). २०२२ मध्ये ५५ सॅक, म्हणजे १०.२ टक्के. २०२३ मध्ये ४५, म्हणजे ९.१ टक्के. चांगल्या क्वार्टरबॅककडे हे प्रमाण ४ ते ६ च्या आसपास असतं.

सिअ‍ॅटलचे चाहते वर्षानुवर्षं याचा दोष ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या रांगेला) देत आले. लाइन खरोखर चांगली नव्हती, हेही मान्य. पण सिअ‍ॅटलच्या दहा वर्षांत त्याला ४२७ वेळा पाडलं गेलं, प्रमाण ८.३ टक्के. डेन्व्हरमध्ये नऊ-दहा. पुढे २०२४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडे ३३६ पासला ३३ सॅक, ८.९ टक्के. संघ तीन, लाइन वेगवेगळ्या, कोच वेगळे, प्रमाण मात्र जागच्या जागी. आणि डेन्व्हरने २०२४ मध्ये बो निक्स या नव्या क्वार्टरबॅकला आणलं तेव्हा लाइनमधल्या पाचपैकी चार जागांवर २०२३ चेच खेळाडू होते: बोल्स, पॉवर्स, माइनर्झ, मॅकग्लिंची. निक्सला ५६७ पासमागे फक्त २४ सॅक, म्हणजे ४.१ टक्के. अर्थात निक्स नवखा असल्याने पेटनने त्याला झटपट सुटणारे पास जास्त दिले. पण असे पास तो विल्सनलाही देत होता. प्रश्न ते वेळेवर सोडण्याचा होता.

हे असं का होतं, ते समजण्यासाठी विल्सनच्या खेळाची घडण बघावी लागते. त्याची दोन अस्त्रं होती. एक, साइडलाइनच्या कडेने उंच कमानीत टाकलेला लांब पास. हा पास त्याच्या पिढीत त्याच्याइतका सुंदर क्वचितच कोणी टाकला असेल. दुसरं, पॉकेट (लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा) मोडल्यावर गोल फिरून बाहेर पडणं आणि पळता पळता खेळ नव्याने मांडणं. दोन्हीसाठी चेंडू जास्त वेळ हातात ठेवावा लागतो. पंचविसाव्या वर्षी पाय साथ देतात, म्हणून वाट बघणं परवडतं: २०१४ मध्ये त्याने नुसतं धावून ८४९ यार्ड काढले होते. २०२१ मध्ये ते १८३ वर आले. बोटाच्या दुखापतीने त्या वर्षी तीन सामने हुकले हे खरं, पण बोट धावत नाही. वाट बघायची सवय तशीच राहिली, सुटून जाण्याची ताकद गेली. त्यातून सॅक येतात.

मैदानाच्या मधला भाग, दहा ते वीस यार्डांच्या टप्प्यात, त्याने कधीच फारसा वापरला नाही. याचं कारण लोक त्याच्या उंचीत शोधतात: पाच फूट अकरा इंच, समोरच्या धिप्पाड लाइनमनच्या डोक्यावरून दिसायचं कसं? हे मला अर्धवट पटतं. पेटनचाच जुना क्वार्टरबॅक ड्रू ब्रीस जेमतेम सहा फुटांचा होता आणि त्याने न्यू ऑर्लिन्समध्ये आयुष्यभर मधल्या भागातच डाव मांडला. ब्रीस रिसीव्हर (पास झेलणारा) वळायच्या आधी चेंडू सोडायचा. शेवटचं पाऊल टेकलं की हात सुटलेला. विल्सनला रिसीव्हर मोकळा झालेला दिसावा लागतो, मगच तो टाकतो. पेटनची सगळी आखणी पहिल्या प्रकारच्या माणसासाठी आहे. त्या दोघांचं जमणार नाही, हे वरवर कितीही ‘मोठा कोच, मोठा क्वार्टरबॅक’ वाटलं तरी कागदावरच दिसत होतं.

डिफेन्सना याचा उलगडा डेन्व्हरच्या आधीच झाला होता. २०२० मध्ये सिअ‍ॅटलमध्ये चाहत्यांच्या आग्रहाला मान देऊन विल्सनला मोकळं सोडलं. पहिल्या आठ सामन्यांत २८ टचडाउन. सगळे एमव्हीपीच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाच्या) गप्पा मारायला लागले. मग समोरच्या संघांनी दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) मागे, खोलवर उभे करायला सुरुवात केली: लांब पास बंद, मधला आणि आखूड भाग उघडा, घे म्हणावं. पुढच्या आठ सामन्यांत १२ टचडाउन. प्लेऑफमध्ये रॅम्सविरुद्ध २७ पैकी ११ पास पूर्ण आणि ३०-२० ने घरच्या मैदानावर पराभव. दोन सेफ्टींचं उत्तर दोनच: बॉल हातात देऊन धावायचं, किंवा मधल्या भागात वेळेवर पास टाकायचे. पहिलं त्याला नको होतं, दुसरं जमत नव्हतं. डेन्व्हरच्या स्काउटिंग विभागाने ट्रेडआधी फक्त २०२० चा उत्तरार्ध आणि २०२१ एवढंच नीट बघितलं असतं तरी किंमत खाली यायला हवी होती.

तरीही ‘पहिल्यापासून फुगवलेला’ हे मी मान्य करत नाही. २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं सिअ‍ॅटलच्या डिफेन्सने लीगमध्ये सगळ्यात कमी गुण दिले, मार्शॉन लिंच धावत होता, आणि फेब्रुवारी २०१४ मधला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) त्यांनी ४३-८ असा जिंकला (समोर कोण, तर डेन्व्हरच). तिथवर तो चांगल्या संघाचा एक भाग होता असं म्हणता येईल. पण ती डिफेन्स विखुरल्यावरही २०१८ ते २०२० मध्ये संघ १०-६, ११-५, १२-४ असा गेला. ते मुख्यतः त्याच्या जिवावर. गंमत म्हणजे त्या दहा वर्षांत नऊ प्रो बोल (वर्षातल्या निवडक खेळाडूंत निवड) मिळूनही एमव्हीपीसाठी त्याला एकाही मतदाराने मत दिलं नव्हतं. तेव्हा लोक त्याला अंडररेटेड म्हणत!

हॅकेटच्या बाजूचा मुद्दा फेटाळता येत नाही, फक्त तो कुठे लागू पडतो ते नीट बघावं. पहिलाच सामना सिअ‍ॅटलमध्ये: १७-१६ ने मागे, चौथा डाऊन, पाच यार्ड हवेत, आणि हॅकेटने विल्सनच्या हातातून चेंडू काढून ६४ यार्डांचा फील्ड गोल (पायाने मारून मिळणारे तीन गुण) मारायला लावला. हुकला. दुसऱ्या आठवड्यात घरचेच प्रेक्षक प्ले क्लॉकचे (पुढचा प्ले सुरू करायच्या मुदतीचे) सेकंद मोठ्याने मोजायला लागले, कारण संघ वेळेत स्नॅपच (प्लेची सुरुवात) घेत नव्हता. कोचला घड्याळ सांभाळायला जेरी रोसबर्गला वेगळं बोलवावं लागलं. टिम पॅट्रिक, जव्होंटे विल्यम्स, गॅरेट बोल्स दुखापतीने बाहेर. संघ सरासरी १६.९ गुणांवर, लीगमध्ये शेवटचा. नाताळच्या दिवशी रॅम्सकडून ५१-१४ हरल्यावर हॅकेटला काढलं. एवढ्या गोंधळात १६ टचडाउन ही संख्या विल्सनच्या खऱ्या कुवतीपेक्षा कमी आहे, हे दुसऱ्या तटाचं म्हणणं बरोबर. पण ५५ सॅक आणि मोकळ्या माणसाकडे न बघणं हे हॅकेटच्या खात्यावर टाकता येत नाही. ६ ऑक्टोबर २०२२ ला कोल्ट्सविरुद्ध १२-९ असा एकही टचडाउन नसलेला सामना झाला. ओव्हरटाइमचा शेवटचा प्ले, गोललाइनजवळ चौथा डाऊन, के. जे. हॅमलर पूर्ण मोकळा. विल्सनने दुसरीकडेच टाकला. (समोरचा क्वार्टरबॅक मॅट रायन, तोही त्याच मार्चमध्ये ट्रेड होऊन आलेला. दोघांना आणणारे जनरल मॅनेजर तो सामना कसा बघत असतील देव जाणे.)

माझ्या मते डेन्व्हरची सगळ्यात मोठी चूक ट्रेडची नव्हती, सप्टेंबर २०२२ मधल्या कराराची होती. विल्सनच्या सिअ‍ॅटलमधल्या करारात अजून दोन सीझन बाकी होते. म्हणजे एक पूर्ण वर्ष बघून मग ठरवायची मुभा होती. तरी त्याने ब्रॉन्कोससाठी एकही स्नॅप खेळायच्या आधी पाच वर्षांचा, सुमारे २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार झाला.

एनएफएलमध्ये हे का अंगाशी येतं? आयपीएलच्या पर्ससारखी इथे सॅलरी कॅप असते, पण साइनिंग बोनस एकदम रोख देऊन कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येतो. खेळाडूला मध्येच काढलं, की न मोजलेला सगळा भाग एकदम अंगावर येतो. याला डेड मनी म्हणतात. विल्सनला मार्च २०२४ मध्ये सोडलं तेव्हा हा आकडा ८.५ कोटी डॉलर होता, तोवरचा विक्रम. १ जूननंतर काढल्याचं दाखवण्याची सवलत वापरून त्यांनी तो दोन वर्षांत विभागला: २०२४ मध्ये सुमारे ५.३ कोटी, २०२५ मध्ये ३.२. २०२४ ची कॅप २५.५४ कोटी होती, म्हणजे पाचवा हिस्सा संघात नसलेल्या माणसावर. आणखी एक कलम होतं: २०२५ चे ३.७ कोटी दुखापतीसाठी हमी दिलेले. खेळताना जबर दुखापत झाली असती तर तेही द्यावे लागले असते. म्हणून २०२३ च्या शेवटच्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवून बदली क्वार्टरबॅक जॅरेट स्टिडमला खेळवलं. हा निर्णय खेळापेक्षा हिशेबाचा जास्त होता, त्यामुळे ‘बेंच केला म्हणजे संपला’ हा पहिल्या तटाचा पुरावा तितकासा पक्का नाही. एकूण डेन्व्हरने त्याला सुमारे १२.४ कोटी डॉलर दिले आणि त्याने ३० सामन्यांत ११ जिंकून दिले.

तुलनेला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घ्या. डेट्रॉइटमध्ये १२ वर्षं, ७४-९०-१, प्लेऑफमध्ये एकही विजय नाही. त्यालाही ओव्हररेटेडच म्हणायचे. २०२१ मध्ये रॅम्सने जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक देऊन त्याला घेतलं, आणि त्याच सीझनचा सुपर बोल त्यांनी २३-२० ने जिंकला. त्या वर्षी त्याचे ४१ टचडाउन होते आणि १७ इंटरसेप्शनही, म्हणजे तो काही वेगळा माणूस झाला नव्हता. फरक असा की स्टॅफर्डची ताकद, म्हणजे पॉकेटमध्ये उभं राहून मधल्या भागात कडक, वेळेवर पास टाकणं, ही पायांवर अवलंबून नव्हती आणि रॅम्सचा कोच शॉन मॅकव्हेला नेमकी तीच हवी होती. तिशी ओलांडलेला क्वार्टरबॅक विकत घेताना जिंकल्या-हरल्याचा रेकॉर्ड शेवटी बघावा, हे या दोन सौद्यांवरून दिसतं.

पुढच्या वेळी असा सौदा झाला आणि तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल, तर मागच्या दोन सीझनचं सॅकचं प्रमाण आधी काढा. मग दर पासमागे यार्ड. टचडाउनची संख्या बाजूला ठेवा, ती वर्षावर्षाला उड्या मारते. मग ऑल-२२ चित्रण, म्हणजे बावीसही खेळाडू दिसतात ते, मिळालं तर फक्त तिसऱ्या डाऊनचे प्ले बघा. मागे सरकताना शेवटचं पाऊल टेकलं त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा आणि कोण मोकळा होतोय ते बघायचं. पुन्हा चालू केल्यावर चेंडू तिकडे गेला का, किती उशिरा गेला. एका सामन्यात असे दहा-बारा प्ले मिळतात, दोन-तीन सामन्यांत चित्र स्पष्ट होतं. टीव्हीवरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात रिसीव्हर चौकटीबाहेर जातात, त्यामुळे तिथे हा प्रयोग जमत नाही.

तुमच्या ऑफिसातला दुसरा तट आता दोन गोष्टी पुढे करेल. एक, पिट्सबर्ग: तिथे ११ सामन्यांत १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन, दर पासमागे ७.४ यार्ड. चांगलंच होतं, आणि स्टीलर्सने त्यासाठी १२.१ लाख डॉलर इतका किमान पगार दिला, बाकीचे सुमारे ३.८ कोटी डेन्व्हरच भरत होतं. त्या किमतीत तो मुळीच ओव्हररेटेड नव्हता. पण ६-१ अशा सुरुवातीनंतर शेवटचे चार सामने आणि मग बॉल्टिमोरमधला प्लेऑफ, असे सलग पाच हरले; दोन सेफ्टी, लांब पास बंद, जुनीच कहाणी. दुसरी गोष्ट, सप्टेंबर २०२५ मध्ये जायंट्सकडून डॅलसविरुद्ध ४५० यार्ड आणि ३ टचडाउन. तो सामना जायंट्स ओव्हरटाइममध्ये ४०-३७ ने हरले, आणि त्यात कडेने सोडलेले ते उंच पास मनसोक्त बघायला मिळतात. पुढच्या आठवड्यात चीफ्सविरुद्ध ते मिळू दिले नाहीत, तर १६० यार्ड आणि २ इंटरसेप्शन. त्यानंतरच्या सामन्यात सुरुवात करायला जॅक्सन डार्ट उतरला.